एक हजार सत्तर दिवस

२००१ सालच्या पावसाळ्यात आम्ही ४६ वर्षांचे होतो. अंधेरीच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आमची २२ वर्षे झाली होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या काळी उपनगरांत तसे कारखाने गल्लोगल्ली होते आणि त्यांत वसईची माणसेही होती.

प्रथम ओव्हरटाइम बंद झाला. मग निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जाईनात. पुढे कॅन्टीनमधला संध्याकाळचा वडा गेला. त्या दिवशी एक जुना फिटर हळूच म्हणाला, “साहेब, आता आपली पाळी.” त्याचा थोरला भाऊ गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा यंत्रापाशी गेलेच नाहीत. अशा घरातला माणूस बोलतो तेव्हा ऐकावे लागते.

महिन्याभरात फलकावर कागद लागला: स्वेच्छानिवृत्ती. शब्द मोठा सभ्य. त्याच सुमारास सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोक याच दाराने बाहेर पडले होते; त्यांना सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचे वेतन देऊ केले होते. आमच्यापुढे ‘गुजरात पद्धत’ ठेवली गेली. झालेल्या दर वर्षाला ३५ दिवसांचे वेतन, उरलेल्या दर वर्षाला २५ दिवसांचे. आमची २२ झालेली, १२ उरलेली. म्हणजे ७७० आणि ३००, एकूण १,०७० दिवस. दिवसाला ३०० रुपये धरून ३ लाख २१ हजार. हिशेब खात्यात असल्याने हा गुणाकार आम्ही पंधरा-वीस जणांना करून दिला. स्वतःचा मात्र रात्री, सगळे झोपल्यावर केला.

न स्वीकारावे तर? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कामगार कपात झाली तर वर्षाला १५ दिवसांचे वेतन, म्हणजे जेमतेम एक लाख. तेव्हा १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे आणि ती सहजी मिळत नसे. म्हणूनच तर मालकांना आमची ‘स्वेच्छा’ एवढी प्रिय झाली होती.

निर्णयाला तीन महिने होते. घरी काही न सांगता आम्ही नोकरी शोधू लागलो. वसई रोड स्टेशनजवळच्या दुकानात अर्जासोबतचा बायोडेटा संगणकावर टाइप करून घेतला. २२ वर्षांचे आयुष्य दीड पानात बसले आणि त्यातही दुकानदाराने अक्षर मोठे करून दिले होते. रोजगाराच्या जाहिराती वाचाव्या तर बहुतेकींच्या तळाशी ‘वय ३५ पर्यंत’. संध्याकाळी टॅली शिकायला जाऊ लागलो. वर्गात सगळी कॉलेजची मुले. शेजारची एक मुलगी समोरच्याच बाकावर! तिने कधी घरी सांगितले नाही. तिचे आम्ही आजही ऋणी आहोत.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातले, दिवस कलेपर्यंत बाजारात रिकामे उभे असलेले मजूर आम्हाला त्या दिवसांत प्रथमच नीट दिसले. तोवर प्रवचन ऐकताना लक्ष मळेवाल्याच्या औदार्याकडे असे. आता वाटे, सकाळी घरून निघताना ते बायकामुलांना काय सांगून निघाले असतील?

आम्ही कामाला जातो असे सांगून निघत होतो. टाय डब्याच्या पिशवीत तळाशी दडवलेला असे.

पण बातमी घरी पोहोचलीच, तीही जमिनीच्या दलालाकडून. इमारती सरकत सरकत आमच्या बाजूला येत होत्या आणि केळी व सोनचाफ्याच्या आमच्या वाडीवर त्याचा डोळा होता. “मुलाची नोकरी जाणार, बाबा, आता तरी विचार करा,” असे तो वडिलांना सांगून गेला. कुठून त्याला कळले, देव जाणे.

रात्री वडिलांनी आम्हाला विहिरीपाशी बोलावले. आम्ही मान खाली घालून उभे. दोन मुलींचे शिक्षण व्हायचे होते, हे त्यांनाही ठाऊक होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “वाडी विकायची असेल तर तू माझ्यासमोर येऊन सांग. पण माझ्या मुलाची बातमी पुन्हा दलालाच्या तोंडून मला कळता कामा नये.” पत्नी दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, “तो टाय तरी इस्त्री करून देते आता.”

वाडी विकली नाही. सही केली. मिळालेली रक्कम मुलींच्या नावे मुदत ठेवीत ठेवली. वालीवच्या एका लहानशा कारखान्यात ५,५०० रुपयांवर काम मिळाले. मुलाखत घेणारा तरुण आम्हाला ‘अंकल’ म्हणाला, ते थोडे झोंबले. टॅलीचे उत्तर मात्र बरोबर आले.

जुनी नोकरी सुटली तेव्हा रेल्वेच्या पासाचे ११ दिवस शिल्लक होते आणि नवी सुरू व्हायला आठ. पहाटे चारला जाग यायची ती येतच राहिली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी सोनचाफ्याची टोपली आमच्यापुढे ठेवली आणि दादरच्या बाजारात पोहोचवायला सांगितली. पास अंधेरीपर्यंतचाच होता. पुढच्या तिकिटाचे पैसे त्यांनी मोजून आमच्या हातावर ठेवले.