आधी ठसा की आधी घाव?

वाकडंतिकडं नाणं हातात पडलं की पाहणाऱ्याची नजर थेट त्या वाकडेपणावर जाते. मी आधी नाण्याचा धड भाग बघतो. कड सगळीकडे सारखी आहे का, अक्षरं कुठे ठसठशीत आणि कुठे पुसट आहेत, पाठीमागची बाजू काय सांगते. टांकसाळीतली चूक असो की रस्त्यावरची मोडतोड, नाणं दोन्हींत बिघडलेलंच असतं. एक बिघाड ठसा पडण्याआधी किंवा पडताना झालेला, दुसरा नंतरचा. हा क्रम लावता यायला हवा.

त्यासाठी नाणं पाडतात कसं, ते डोळ्यांपुढे असावं लागतं. धातूच्या पट्टीतून चकत्या कापायच्या, त्यांची कड जराशी उचलून घ्यायची, मग एकेक चकती कॉलर नावाच्या कड्यात बसवून वरखालच्या ठशांमध्ये दाबायची. यातल्या कुठल्याच पायरीवर जे घडू शकत नाही, ते टांकसाळीच्या माथी मारता येत नाही.

कोर गेलेलं नाणं घ्या. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर कापणी आधीच्या भोकावर थोडी चढते आणि चकतीला गोलसर खाच पडते. ही चकती पुढे ठशाखाली गेली की खाचेजवळची अक्षरं खाचेकडे ओढल्यासारखी पसरतात, हळूहळू विरतात. पण मी खाच सोडून तिच्या बरोबर समोरची कड आधी तपासतो. एका बाजूला धातूच नसल्यामुळे समोरच्या बाजूला पुरेसा दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट राहते. कानशीने कोर पाडणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसतं. त्याच्या नाण्यात समोरची कड खणखणीत असते, अक्षरं सुरीने कापल्यासारखी मध्येच तुटतात आणि खाचेच्या भिंतीवर कानशीच्या रेघा भिंगाशिवायही दिसतात.

रेघांचंही असंच. ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उठावदार येते. ओरखडा खोल जातो आणि त्याच्या दोन्ही काठांवर धातूची बारीक वरंबी उभी राहते. डोळे मिटून नख फिरवलं तरी कळावं इतकं हे सोपं आहे, तरी प्रदर्शनांत ओरखड्यांची नाणी तडा म्हणून खपतात. गाळलेल्या आकड्यांबाबत मात्र जरा सबुरी हवी. ठशाच्या खोबणीत वंगण साठलं की सालातला एखादा आकडा उमटतच नाही. पण ती जागा भोवतालच्या सपाटीइतकीच असते, तिची झळाळीही तीच. घासून काढलेल्या आकड्याच्या जागी किंचित खळगा आणि पॉलिशचा वेगळाच चकचकाट असतो.

एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका तरुणाने पाकिटातून रुपया काढून पुढे केला. “काका, पाठीमागे उलटा सिंह आलाय. मोबाइलवर याचा भाव लाखात सांगतात.” नाणं 1992 नंतरचं, 25 मिलिमीटरचं स्टीलचं. अशी चूक खरंच होते, तिला ब्रोकेज म्हणतात. पाडलेलं नाणं एका ठशाला चिकटून राहतं, पुढची चकती त्याच्याखाली येते आणि चिकटलेल्या नाण्याचा चेहरा तिच्यावर खोल आणि उलटा उमटतो. खऱ्या ब्रोकेजला दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं: इकडे उठावाचा सिंह, तिकडे खोलगट, आरशातला. रुपयाचा आकडा आणि कणसं कुठेच असायला नकोत, कारण तो ठसा त्या चकतीपर्यंत पोहोचलेलाच नसतो. याच्या रुपयावर भिंग धरलं तर उलट्या सिंहाच्या डाव्या अंगाला कणसाचे दाणे स्पष्ट दिसत होते, दबलेले पण जागच्या जागी. नाणं फिरवलं तर सुलट्या सिंहाचं नाकतोंड सपाट. दोन नाणी एकमेकांवर ठेवून कुणीतरी व्हाइसमध्ये आवळली होती.

“म्हणजे खोटं?”

“नाणं खरं आहे हो, चूक खोटी आहे. दुकानात एक रुपयाला चालेल.”

त्याला हे पटलं नाही. तो पुढच्या पथारीवाल्याकडे गेला. मोबाइलवरच्या त्या लाखांनी आमच्या छंदाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं बनावट नाण्यांनीही केलं नसेल.

वजनकाट्याला गंडवणं मात्र सोपं नाही. 2011च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा, त्याच मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं 4.85 ग्रॅमचं. दोनाचा ठसा चुकून रुपयाच्या चकतीवर पडला तर वजन रुपयाचंच भरेल आणि चित्र काठाबाहेर सांडेल. आम्लात बुडवून बारीक केलेल्या दोन रुपयांचं सगळंच झिजतं. कड, अक्षरं, जाडी, काहीच सुटत नाही; शिवाय पृष्ठभाग खरबरीत होतो. नाण्याचं चुंबक होतं अशा समजुतीने लहानपणी आपण रुळावर ठेवलेली नाणी आठवतात? ती आजही कॉलरबाहेर पाडलेली म्हणून विकायला येतात. कॉलरशिवाय पाडलेलं नाणं पसरतं खरं, पण ठसा मापातच राहतो, नुसता काठ रुंदावतो. आगगाडीखाली अक्षरंच ताणली जातात.

फिरलेला ठसा हा त्यातल्या त्यात भरवशाचा प्रकार. आपलं नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं की मागची बाजू सरळ दिसायला हवी. तिरकी आली तर ठसा फिरला होता. नाणं पडून गेल्यावर बाहेर कुणाला हे करता येत नाही. दोन अर्धी नाणी चिकटवणारे महाभाग असतात, पण कडेवरचा सांधा त्यांना लपत नाही. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेल्या क्वार्टरला ही कसोटी लावू नका. तिथली नाणी मुळातच वरखाली उलटायची असतात.

शिवराईपाशी आलं की ही सगळी फूटपट्टी बाजूला ठेवावी लागते. तांब्याचा तुकडा, हातोडा आणि तुकड्यापेक्षा मोठा ठसा, कॉलर नाहीच. ‘श्री राजा शिव’मधलं एखादं अक्षर बाहेर जाणं ही तिथली नेहमीची गोष्ट. तरी अलीकडे ‘ऑफ सेंटर शिवराई’ म्हणून जादा पैसे मागणारे भेटतात. चांदीच्या जुन्या रुपयांवरच्या सराफांच्या खुणांनाही कुणी टांकसाळीची चूक म्हणतं. त्या चांदी पारखताना मुद्दाम मारलेल्या आहेत, बाजारात, नाणं पडून गेल्यावर. सरकलेल्या शिवराईला नेहमीचाच भाव द्यावा. दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं तुकड्यावर मावलेली, ‘छत्रपति’ पूर्ण वाचता येणारी शिवराई समोर आली, तर मात्र घासाघीस करू नये.