फुंकर

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. थोरले चिरंजीव प्ले-स्टेशनचे, धाकटे एक्स-बॉक्सचे. दोघेही परगावी नोकरीला. पण दिवाळीला नंदुरबारास आले की फराळाच्या ताटावरच वाद जुंपतो : कोणाचे यंत्र अधिक टिकते?

"२००५ च्या एक्स-बॉक्स ३६० ला तीन लाल दिवे लागले की खेळ खलास! २००७ साली मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली. शंभर कोटी डॉलरांवर खर्च बसला!" इति थोरले.

"आणि तुमचे पहिले प्ले-स्टेशन लोक उलटे ठेवून चालवीत, ते?" इति धाकटे.

मला विचाराल तर दुखणे बहुतेक एकच : उष्णता. यंत्र तापते, निवते, पुन्हा तापते. आतले बारीक सांधे ताणून ताणून तडकतात. नंदुरबारचा वैशाख सोसलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको.

एवढ्यात सौ.ने माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम आणून मध्ये ठेवला. १९८३ साली निन्टेन्डोने जपानात काढलेल्या यंत्राची ही स्वस्त नक्कल. मुले शाळेत असताना घेतलेली. आत ना पंखा, ना फिरणारी तबकडी. कामच थोडे, म्हणून तापणेही थोडे.

जुन्या टीव्हीला जोडला. पडदा करडाच. साऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. कॅसेटीत फुंकर मारण्याचा मान आमच्या घरी माझा! मी फुंकर मारली, कॅसेट बसवली आणि मारिओ धावू लागला.

"नाना," सूनबाई संकोचून म्हणाल्या, "फुंकरीने काही होत नाही. उलट तोंडातल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात. काढून पुन्हा घातली, म्हणून संपर्क जुळला."

म्हणजे इतकी वर्षे मी वैद्य म्हणून मिरवलो आणि रोग्याला विष पाजले!

"तुम्हांला हे ठाऊक होते?" मी मुलांना विचारले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या दिवशी प्रथमच त्यांचा एक पक्ष झाला.

"नुसती काढून घातली तरी चालते, हे दादाने तेव्हाच शोधले होते," धाकटा म्हणाला. "पण नाना, ऑफिसातून आल्यावर तुम्ही आमच्याजवळ बसायचात, ते तेवढ्यासाठीच."

मी काही बोललो नाही. पुढची कॅसेट मुकाट्याने काढली आणि पुन्हा घातली. फुंकर मारली नाही.

खेळ सुरू झाला. पण मी जागचा उठलो नाही.