कासव कोण सोडवतं?



शनिवारी मुनिसुव्रतनाथ भगवंतांचं दर्शन न चुकवणाऱ्या आपल्यात पुष्कळ जणी आहेत. पैठणला तर गाड्या भरून जातात. विसाव्या तीर्थंकरांचं लांछन कासव, हे पाठशाळेतली मुलंही धडाधड सांगतात. पण समुद्रातलं खरं कासव मी पाहिलं ते मालवण तालुक्यात, तोंडवळीच्या किनाऱ्यावर. तेही तळहातात मावेल एवढं पिल्लू.

ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. मागे कुत्रे-कोल्हे उकरतात, पूर्वी माणसंही न्यायची. म्हणून गावातले कासवमित्र आणि वनखातं अंडी कुंपणात नेऊन पुरतात. कोकणात हे काम २००२ साली वेळासला, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलं. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात.

माझ्या जाऊबाई पिल्लू उचलून पाण्यात सोडायला वाकल्या, तर कासवमित्राने थांबवलं. वाळूवरून त्याचं त्यानेच चालत जायचं असतं. आपण पाणी गाळल्यावर फडक्यातले जीव त्याच विहिरीत हळूच सोडतो ना, तसंच हे. जीव जिथला तिथे पोचवायचा, मध्ये आपली हौस नको.

मोठ्या कासवांचं दुखणं वेगळं. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्यात अडकलं की ते पाण्यात राहून गुदमरतं. तिथे ना आपण असतो ना वनखातं. असतो तो मासेमार. एकजण म्हणाला, "जाळा कापला काय दोन दिस धंदो बंद, ताई." तरी कापतात. डिसेंबर २०१८ पासून सरकार अशा फाटक्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. पण पैसे हाती येईपर्यंत घर चालायचं कशावर?

म्हणून मी आमच्या महिला मंडळात म्हटलं, दशलक्षण पर्वात जीवदयेचा जो निधी जमतो, त्यातला थोडा जाळी दुरुस्तीला देऊ या. लगेच दोघी उठल्या. मासेमाराला पैसे म्हणजे हिंसेची अनुमोदना! कृत, कारित, अनुमोदना हे तिन्ही आपण लहानपणापासून ऐकलंय, त्यामुळे प्रश्न खोटा नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण अनुमोदना जाळं टाकण्याची करत नाही, कापण्याची करतो. पांजरपोळात गाय पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याचा धंदा आपण कधी विचारलाय? त्यावर एकीने विचारलं, दुरुस्त झालेल्या जाळ्यात उद्या मासेच येणार ना? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही विषय मिटलेला नाही. तूर्त चौघींनी स्वतःच्या घरखर्चातून रक्कम बाजूला काढली आहे.

सुट्टीत मालवण-वेंगुर्ल्याला जाल तेव्हा एक करा. रात्री वाळूत मोबाइलचा दिवा फिरवू नका, पिल्लं उजेडाकडे भरकटतात. आणि मोठं कासव किनाऱ्याला लागलेलं, निपचित पडलेलं दिसलं तर पुण्य म्हणून समुद्रात ढकलू नका. जखमी असेल तर बुडेल. सावली करा, लोकांची गर्दी हटवा, आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा.