कॅथरिन कुकचा माग

कॅथरिन कुक कारवारला उतरली तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. साल 1709. तिचे वडील कॅप्टन जेरार्ड कुक ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर. बायकामुलांना घेऊन बंगालला निघालेले. त्यांचं जहाज वाटेत कारवारला थांबलं. तिथल्या वखारीचा प्रमुख जॉन हार्वे उतारवयाचा, अंगाने व्यंग असलेला. त्याने मुलीला मागणी घातली, आईबापांनी होकार दिला. लग्न लागलं आणि पुढे मुलीला तिथेच ठेवून जहाज बंगालकडे गेलं.

आंबोलीत पावसाचे चार महिने घराबाहेर पडायची सोय नसते. अशाच एका पावसाळ्यात कर्नल बिडल्फ यांचं 1907 सालचं पुस्तक मी वाचायला घेतलं, ते कान्होजी आंग्र्यांसाठी. वाचता वाचता या मुलीपाशी थांबलो. माझ्या आजीचं लग्नही तेराव्या वर्षीच झालेलं, वेंगुर्ल्याहून ती घाट चढून इथे आली. पण तिचे भाऊ चतुर्थीला न्यायला येत. कॅथरिनचं माहेर गलबतात बसून निघून गेलं होतं. तेव्हापासून वहीत तिचा वंशवृक्ष मांडत आलो, आणि सवड मिळेल तशी तिच्या वाटेवरची गावं पाहत आलो.

हार्वे 1711च्या सुमारास वारला. वखारीत नव्याने आलेल्या थॉमस चाऊन या तरुणाशी तिने दुसरं लग्न केलं. हार्वेच्या मालमत्तेवरचा हक्क मागायला दोघं मुंबईला गेली. कारवारहून मुंबईला जायचं तर वेंगुर्ला, मालवण ओलांडूनच. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की आमच्या सी-व्ह्यू पॉइंटवरून समुद्राची रेघ दिसते. तिथे उभं राहिलं की ही वाट मला नकाशापेक्षा नीट कळते.

नोव्हेंबर 1712मध्ये दोघं कारवारला परत निघाली. मुंबई सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी आंग्र्यांच्या आरमाराने गाठलं. तोफेच्या गोळ्याने चाऊनचा हात तुटला आणि तिच्यासमोरच त्याने प्राण सोडला. ती गरोदर होती. तिला कुलाब्याच्या किल्ल्यात नेण्यात आलं.

शाळेत मी कान्होजी शिकलो ते सरखेल म्हणून, आणि तो अभिमान अजूनही आहे. ओहोटीच्या वेळी अलिबागहून चालत कुलाब्याला गेलो तेव्हा मात्र डोक्यात तीच होती. सतरा वर्षांची बाई, दोनदा विधवा, पोटुशी, आणि सभोवती न समजणारी भाषा. कान्होजींना त्या वेळी इंग्रजांशी तह हवा होता. साताऱ्याच्या बाजूने पेशवा बहिरोपंत पिंगळे यांच्याशी संघर्ष पेटायच्या बेतात होता. फेब्रुवारी 1713मध्ये बोलणी जमली. लेफ्टनंट मॅकिंटॉश 30,000 रुपये घेऊन कुलाब्याला आला आणि तिला सोडवून घेऊन गेला. मुंबईत तिला मुलगा झाला. त्या काळी ही खंडणी फार मोठी. पण कंपनीच्या कागदांत कॅथरिन एवढी ठळक आहे ती या रकमेमुळेच, याचं मला वाईट वाटतं.

तिसरा नवरा विल्यम गिफर्ड. तो केरळच्या किनाऱ्यावरच्या अंजेंगोच्या वखारीचा प्रमुख झाला, म्हणजे पुन्हा आमच्याच समुद्रावरून दक्षिणेकडचा प्रवास. मिरीच्या व्यापारात गिफर्डने हाव केली, स्थानिकांना दुखावलं. एप्रिल 1721मध्ये अट्टिंगलच्या राणीकडे नजराणा घेऊन गेलेला गिफर्ड आणि त्याच्याबरोबरचे शंभराहून अधिक लोक मारले गेले. अंजेंगोच्या किल्ल्यात उरलेल्या बायकांना एका लहान गलबतातून मद्रासला धाडलं. कॅथरिन त्यांत होती. तिथून ती कलकत्त्याला गेली, आईवडिलांकडे. बारा वर्षांपूर्वी ते सगळे मिळून जिकडे निघाले होते, त्या बंगालमध्ये ती पोचली तीन नवरे गमावून.

तिथेही कंपनीने पाठ सोडली नाही. गिफर्डच्या व्यवहाराचा हिशेब आता तिच्याकडे मागितला जाऊ लागला. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज तेव्हा हिंदुस्थानात आलेला. त्याचं आणि कंपनीचं जमत नव्हतं. त्याने तिला आपल्या जहाजावर घेतलं. जहाज मुंबईला आलं तेव्हा तिथल्या कौन्सिलने हिशेब मिटेपर्यंत तिला जाऊ देऊ नये म्हणून बजावलं. तिने ते जुमानलं नाही. राजाच्या जहाजावर कंपनीचा हुकूम चालत नव्हता, आणि ती त्याच जहाजाने विलायतेला गेली.