बारा हजारांची मर्यादा

२०१२ साली माझा मुलगा दीड वर्षाचा होता. मी कपड्यांच्या कारखान्यात काम करायचे, हे रिक्षा चालवायचे. सासूबाईंच्या इंतकालनंतर मुलाला सांभाळणारे घरात कुणी उरले नव्हते. सरकारी अनुदानावरच्या पाळणाघरात नाव घालायला गेले. दोघांचे मिळून उत्पन्न साडेबारा हजार, हे खरे सांगितले.

"मर्यादा बारा हजारांची आहे, ताई," तिथल्या बाई म्हणाल्या. मग आवाज खाली करून, "दाखल्यावर थोडे कमी दाखवता आले तर बघा."

यांना सांगितले. हे एवढेच म्हणाले, "पोरासाठी म्हणून खोटं नको लिहूया."

मी काम सोडले. उत्पन्न निम्म्यावर आले, म्हणजे आता आम्ही मर्यादेत बसत होतो. पण पाळणाघर होते नोकरी करणाऱ्या आयांच्या मुलांसाठी!

नियम करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. २००६ मध्ये त्यांनीच ही मर्यादा महिना १,८०० रुपयांवरून १२ हजारांवर नेली होती. पुढे घरभाडे वाढले, डाळ-तेल महागले, आकडा मात्र तिथेच राहिला. दर रमजानला जकातीचा हिशेब करताना मला हे आठवते. निसाब साडेबावन्न तोळे चांदीवर धरला, तर चांदीचा भाव चढला की रुपयांतली रक्कम आपोआप चढते. गरिबीची रेघ रुपयांत ओढून विसरून गेले, की ती दरवर्षी थोडी खाली सरकते.

२०१७ पासून नियम बदलला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना २० रुपये, १२ हजारांपर्यंत १००, त्यापुढे २०० रुपये शुल्क. दार बंद न करता थोडे जास्त घ्यायचे. ते २०० रुपये मी आनंदाने दिले असते. तोवर माझा मुलगा शाळेत जाऊ लागला होता. २०२२ मध्ये आलेल्या 'पाळणा' योजनेत तर आई नोकरी करते की नाही, ही अटही उरली नाही.

आता माझ्या भाचीला मूल झाले आहे. तिच्यापुढे मर्यादेचा प्रश्न नाही. तिच्या मोहल्ल्यात पाळणाघरच नाही. गेल्या आठवड्यात आम्ही अकरा जणींनी बालविकास प्रकल्प कार्यालयात अर्ज दिला, आमच्या अंगणवाडीत पाळणाघर सुरू करा म्हणून. उत्पन्नाच्या रकान्यात प्रत्येकीने खरा आकडा लिहिला. या वेळी लिहिताना कुणाचा हात थांबला नाही, अल्हम्दुलिल्लाह.