सूचीतून गळालेली बाई

सरांच्या पश्चात त्यांची पुस्तके लावताना कपाटाच्या तळाशी फ्लॉप्यांचा एक डबा सापडला आणि काकूंनी तो आम्हां दोघांच्या हाती ठेवला. त्यात सरांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि त्या ओव्यांची शब्दसूची करणारी एक आज्ञावली होती. ती १९९४ साली त्यांच्या भाच्याने टर्बो पास्कलमध्ये लिहिलेली. तिने काढलेली सूची आम्ही एम.ए.ला असताना झेरॉक्स करून वापरली, पुढे वर्गात वापरली, तिच्या आधारे लेख लिहिले. आज्ञावली मात्र कधी पाहिली नव्हती.

खरे तर तिची गरज काय, असे कोणीही विचारील. सरांच्या ओव्या 'इस्की' या १९९१ च्या भारतीय मानक संकेतप्रणालीत होत्या. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच वळणावर बेतलेली असल्याने मजकूर इकडून तिकडे आणणे अवघड नव्हते. नवी सूचीही एखाद्या दुपारी झाली असती. पण आम्हांला नवी सूची नको होती, सरांची हवी होती. कोणते रूप कोणत्या शब्दाखाली घ्यायचे, कोणता शब्द आधी आणि कोणता नंतर, हे संपादकाचे निर्णय असतात. ते निर्णय ओव्यांच्या फायलीत नव्हते. त्या छोट्या आज्ञावलीच्या पोटात होते.

विंडोजने ती चालवायला साफ नकार दिला. विंडोजच्या ३२-बिटी आवृत्त्यांत डॉसच्या १६-बिटी आज्ञावल्यांसाठी एक ओसरी राखून ठेवलेली असे. ६४-बिटी आवृत्तीत ती नाही, कारण त्या रीतीने चालताना प्रोसेसरची जुन्या ८०८६ चे सोंग घेण्याची सोयच बंद असते. आणि विंडोज ११ तर केवळ ६४-बिटीच निघाली. अखेर संगणकशास्त्र विभागातल्या एका मित्राने डॉसबॉक्स घालून दिला. २००२ पासून मोफत मिळणारा हा डॉसबॉक्स मुळात जुन्या खेळांच्या शौकिनांसाठी केलेला. आधुनिक संगणकाच्या आत तो सगळा जुना संगणकच उभा करतो. 'माऊंट' अशी आज्ञा देऊन एक फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडायचा, फायलींची नावे आठ अक्षरांत कोंबायची, आणि काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या रेघेपुढे आज्ञा लिहायची.

आज्ञावली सुरू झाली, पण पडद्यावर मराठी नव्हती. सरांच्या संगणकात सी-डॅकचे जिस्ट कार्ड होते. ते संकेतांक देवनागरीत दाखवी. कार्ड नसले की तेच संकेतांक डॉसच्या मूळ चिन्हांत दिसतात, आणि इस्कीची सगळी व्यंजने नेमकी त्या जागांवर बसतात जिथे डॉसने चौकटी आखायच्या रेघा ठेवल्या आहेत. 'क' म्हणजे एक उभी रेघ. हलन्ताच्या जागी ग्रीक फाय. बायकांनी पहाटे म्हटलेल्या ओव्या कुंपणासारख्या पडदाभर उभ्या राहिल्या. गंमत म्हणजे दोन-तीन दिवसांत ते कुंपण आम्हांला वाचता येऊ लागले.

मध्येच आम्ही घाई केली. काम संथ चालते म्हणून डॉसबॉक्सचा वेग पुष्कळ वाढवला, तर आज्ञावली सुरू होण्याआधीच 'रनटाइम एरर २००' म्हणून कोसळली. मित्राने कारण सांगितले. टर्बो पास्कलच्या अशा आज्ञावल्या आरंभी यंत्राचा वेग मोजतात. यंत्र फार वेगवान असले की भागाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही, आणि ती शून्याने भागल्याची तक्रार करते. वेग पुन्हा उतरवला. सूची तयार झाली.

सरांचा पहिला निर्णय लगेच दिसला. इस्कीत 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो; नुसत्या संकेतांकांवर सूची लावली तर तो तिथेच पडतो. आज्ञावलीत स्वतंत्र वर्णक्रम होता आणि 'ळ' मराठी कोशांतल्याप्रमाणे 'ह'च्या नंतर होता. सर वर्गात याच 'ळ'वरून किती चिडत, ते आठवून आम्ही दोघेही हसलो.

दुसरा निर्णय चाचणीसाठी टंकलेल्या दहा ओळींनी उघड केला. त्या दहांत 'बाई' तीनदा होता. सूचीत एकदाही नव्हता. आज्ञावलीची फाइल कच्च्या रूपात उघडून पाहिली तेव्हा रेघांच्या गर्दीत अकरा शब्दांची एक यादी सापडली: 'ग', 'गं', 'की' आणि असेच काही. त्यांत एक कोपरा आणि शेवटी बारीकसे वर्तुळ असलेला शब्द ओळखायला वेळ लागला नाही. सरांनी 'बाई' हे पादपूरण धरले होते. ओवीच्या चालीत तो शब्द अनेकदा तसा येतोही. पण दर वेळी?

प्रश्न सरांपुरता असता तर बरे होते. २०११ साली आम्ही दोघांनी एका लेखात लिहिले होते की या संग्रहातल्या बायका देवाशी, भावाशी, जात्याशी बोलतात. दुसऱ्या बाईला हाक मारताना क्वचितच आढळतात. आधार अर्थातच सूची. विद्यार्थी ते वाक्य उत्तरपत्रिकांत लिहितात आणि आम्ही त्याला गुण देतो.

आज्ञावली बदलणे शक्य नव्हते, मूळ पास्कल-लेखन डब्यात नाही. आमच्यातला एक म्हणत होता, सूची आहे तशी ठेवून तळटीप द्यावी. दुसऱ्याने ओव्यांच्या फायलीची प्रत घेऊन तीत 'बाई'ला शेपटीसारखा एक आकडा जोडला, म्हणजे यादीला तो शब्द ओळखू येऊ नये. मग पुन्हा तीच आज्ञा. त्या रात्री आज्ञावलीने सरांच्याच वर्णक्रमाने सूची काढली, आणि 'ब'च्या भागात एकट्या 'बाई'ने पाने भरली.

त्यांतली कोणती नुसती चालीसाठी आणि कोणती शेजारी बसून दळणारीला मारलेली हाक, हे यंत्र सांगणार नाही. ओवी ओवी वाचून खुणा करतो आहोत. सध्या दुसऱ्या पानावर आहोत, आणि पहिल्या पानावरच्या खुणांबद्दल आमचे अजून एकमत झालेले नाही.