साथीला बसल्यावर

ख्यालगायक मंचावर ‘आयत्या वेळी सुचेल ते’ गातो, असा एक गोड समज आहे. पेटी घेऊन त्याच्या शेजारी बसणाऱ्याचा तो फार दिवस टिकत नाही. राग ठरलेला, बंदिश ठरलेली, विलंबित एकतालाच्या बारा मात्राही ठरलेल्या. शिवाय कित्येक ताना घरून बसवून आणलेल्या असतात. त्या मला लगेच कळतात, कारण माझी बोटं गवयाच्या आधी पोचतात. बसवलेलं गाण्यात कमीपणा काहीच नाही. त्यालाही रियाज लागतो. पण उपज, म्हणजे तिथल्या तिथे सुचलेलं, वेगळी. सम झाल्यावर गवई जरा थांबतो, तंबोऱ्याकडे कान देतो आणि निषादावर घुटमळतो. इथून कुठे जायचं ते मला ठाऊक नसतं. चेहऱ्यावरून तरी त्यालाही नसतं.

अशा वेळी साथीदाराने शक्य तितकं कमी वाजवावं, या मताचा मी आहे. दरबारी कानडा घ्या. त्यातला गंधार अतिकोमल आणि आंदोलित. गळ्यात तो एका जागी ठरतच नाही. माझ्या पेटीतली कोमल गंधाराची पट्टी मात्र ठाम, आणि थोडी चढीच. ती दाबून धरली की गवयाच्या गंधाराची चव गेलीच. म्हणून तो तिथे रेंगाळला की मी रिषभावर थांबतो, भाता हलका करतो. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, हा जुना आक्षेप. १९४० मध्ये पेटी आकाशवाणीवरून हद्दपार झाली, १९७१ नंतर हळूहळू परतली. आक्षेप खराच आहे. मींड येत नाही म्हणूनच तर गप्प कुठे बसायचं हे पेटीवाल्याला आधी शिकावं लागतं.

गवई दम घेतो तेवढी फट माझी. तिथे त्याच्या शेवटच्या फिरतीचं शेपूट धरून चार सुरांत उत्तर द्यायचं. पण तो अजून तार षड्जाला गेला नसेल, तर मीही जायचं नाही. त्याने राखून ठेवलेला सूर आपण उधळणारे कोण? क्वचित मात्र माझ्या हातून निघालेली एखादी जागा तो मान डोलावून उचलतो आणि पुढचं आख्खं आवर्तन तिथूनच बांधतो. मग ती उपज कोणाची? मानधनाच्या पाकिटात तरी तसा काही हिशेब नसतो.